भीमेच्या खोऱ्याचा पाया : दुधनी ते यादगीर

दुधनीच्या शिवारात वर काळी माती, मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण असतो. अक्कलकोट तालुक्याच्या या टोकापासून पश्चिमेकडे थेट सह्याद्रीपर्यंत गेले तरी थोड्याफार फरकाने हाच क्रम भेटतो. त्यामुळे या मुलखाच्या भूरचनेत सांगण्यासारखे फारसे काही नाही, असा समज सहज होतो. पण भीमा जिकडे वाहते तिकडे, म्हणजे आग्नेयेला, साठ-सत्तर किलोमीटर गेले की काळा पाषाण संपतो आणि त्याच्या पोटात दडलेले जुने थर एकेक करून उघडे पडतात. आधी शहाबादची चुनखडी येते, मग यादगीरचा ग्रॅनाइट. दुधनीच्या पायाखाली काय काय असू शकते, याचा अंदाज या उघड्या पडलेल्या थरांवरून आणि उत्तरेला किल्लारीत घेतलेल्या खोल विंधनछिद्रावरून बांधता येतो.

हा सगळा छेद रेल्वेने ओलांडता येतो. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गाशी जोडला गेला. त्यावरच्या अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड, कलबुर्गी, शहाबाद, वाडी, यादगीर या स्थानकांच्या क्रमाने खडकाचे वय वाढत जाते. कलबुर्गीपर्यंत साडेसहा कोटी वर्षांचा काळा पाषाण, शहाबाद-वाडीला त्याहून कित्येक पटींनी जुनी चुनखडी आणि यादगीरला अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला ग्रॅनाइट. एवढ्या थोड्या अंतरात पृथ्वीच्या इतिहासाचा इतका मोठा पल्ला दाखवणाऱ्या वाटा महाराष्ट्राच्या आसपास फार नाहीत.

वरच्या थरापासून सुरुवात करायची तर एप्रिल-मे महिन्यातली, न बांधलेली जुनी विहीर पाहावी. पाणी तळाला गेलेले असते आणि भिंती कोरड्या असतात. काठावर मीटर-दोन मीटर काळी माती असते, उन्हाळ्यात भेगाळलेली, आणि तिच्यात खालच्या बाजूला चुनखडीचे पांढरे खडे विखुरलेले असतात. त्याखाली पिवळसर-तपकिरी मुरूम लागतो. मुरमात मधूनच गोल गोटे दिसतात. त्यांची साले पापुद्र्यांसारखी सुटतात आणि आत घट्ट काळा दगड शाबूत असतो. पाणी भेगांतून शिरून खडकाचे कोपरे आधी कुजवते, म्हणून उरलेला दगड गोल होत जातो. मुरमाखाली भेगाळ पाषाण, मग एकसंध कातळ. कातळाखाली पुन्हा वेगळाच खडक येतो. तो भुरकट किंवा जांभळट असतो, भोकाभोकांचा असतो आणि भोकांत पांढरे, हिरवट खडे भरलेले असतात. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. कधी या दोहोंच्या सांध्यावर विटेच्या रंगाचा गेरूचा पट्टा असतो, कुठे चार बोटांचा, कुठे मीटरभर. त्या पट्ट्याच्या आसपास भिंत ओलसर राहते आणि पाण्याचे पाझरही बहुधा अशाच सांध्यांवर सापडतात.

या भिंतीत निदान दोन लाव्हाप्रवाह एकावर एक बसलेले असतात. प्रत्येक प्रवाह थंड होताना त्यातले वायू वर चढले, पृष्ठाजवळ अडकले आणि तिथे बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे भूजलाने त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारेचे प्रकार साठवले. प्रवाहाचा मधला भाग सावकाश निवला, म्हणून तो घट्ट झाला आणि आकसताना त्याला उभ्या भेगा पडल्या. पुढचा प्रवाह येण्याआधी मध्ये बराच काळ गेला असेल तर वरचा भाग कुजून माती तयार झाली. नव्या लाव्ह्याने ती झाकली आणि भाजली, तोच गेरूचा थर. म्हणजे गेरूचा प्रत्येक पट्टा ही ज्वालामुखीच्या एका विश्रांतीची नोंद आहे. कर्नाटकातल्या गुरमटकलजवळ अशाच विश्रांतीच्या काळात साचलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांचा गाळ दोन प्रवाहांमध्ये सापडतो आणि त्यात सूक्ष्म शिंपले व पाणवनस्पतींचे अवशेष मिळतात.

दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी थोड्या अवधीत, म्हणजे दहा लाख वर्षांच्या आसपास, बहुतांश बाहेर पडला. आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. भेगांमधून आलेला पातळ लाव्हा शेकडो किलोमीटर वाहत गेला. सह्याद्रीत त्याचे थर सर्वात जाड आहेत आणि पूर्वेकडे ते पातळ होत जातात. कोयना परिसरात गोठणे येथे भूकंप संशोधनासाठी ३ किलोमीटर खोलीचे विंधनछिद्र घेतले गेले. तिथे १,२४७ मीटर बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, ओलांडल्यावर ग्रॅनाइट लागला. किल्लारीच्या विंधनछिद्रात बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर भरली. शहाबादला ती शून्यावर येते. दुधनी या उताराच्या शेवटच्या टप्प्यात, किल्लारीच्या नैर्ऋत्येला आणि शहाबादच्या वायव्येला आहे. थरांचा कल इतका मंद आहे की डोळ्यांना ते आडवेच वाटतात. महाबळेश्वरच्या कड्यावरून पाहताना पायऱ्या-पायऱ्यांनी दिसणारे थर आणि दुधनीच्या विहिरीतले थर एकाच उद्रेकमालेतले आहेत. फरक एवढाच, की तिथे कड्यांमुळे ते उघडे पडले आणि इथे सपाटीने झाकून टाकले.

शहाबादजवळ लाव्ह्याची किनार झिजून गेली आहे आणि खालची चुनखडी वर आली आहे. या खडकांच्या समूहाला नदीवरूनच भीमा गट असे नाव मिळाले. रॉबर्ट ब्रूस फूट या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्याने दक्षिण मराठा प्रदेशाच्या भूरचनेवरचा आपला प्रबंध १८७६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या खडकांचे सविस्तर वर्णन आहे. मुख्यतः कलबुर्गी, यादगीर आणि विजयपूर जिल्ह्यांत सुमारे ५,२०० चौरस किलोमीटरवर भीमा गट उघडा दिसतो आणि त्याची एकूण जाडी जास्तीत जास्त ३०० मीटरच्या आसपास आहे. तळाशी गोट्यांचा आणि वाळूचा खडक, त्यावर हिरवट-जांभळा शेल, मग चुनखडी, पुन्हा शेल, पुन्हा चुनखडी, असा क्रम लागतो. उथळ समुद्र किनाऱ्यावर चढला, खोल झाला, पुन्हा मागे सरला, असे या क्रमावरून वाचता येते.

यातली खालची चुनखडी म्हणजे मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली शहाबादी फरशी. सोलापूर, पुणे, मुंबईतल्या चाळींच्या मोऱ्या, वाड्यांची अंगणे, स्वयंपाकघराचे ओटे, रेल्वेचे फलाट याच दगडाने बांधले गेले. खाणीत तो भाकरीच्या चवडीसारखा थरांवर थर असा असतो. दोन थरांमध्ये चिकणमातीचा कागदाइतका पातळ पदर असल्याने पाचर ठोकून पहारीने उचलले की फरशी सपाट सुटते. तिला वरून तासण्याची फारशी गरज पडत नाही. समुद्राच्या तळाशी चुना साचत असताना मधूनमधून थोडा गाळ आला आणि बसला, त्याचा हा परिणाम. घरातल्या जुन्या फरशीवर बोट फिरवले तर करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी, काळसर रेघ कधी कधी जाणवते. वरच्या थरांच्या दाबाखाली चुना विरघळला आणि न विरघळणारी माती त्या रेघेत उरली. मात्र फरशी कितीही न्याहाळली तरी तिच्यात शिंपला सापडत नाही. हे खडक १०० कोटी ते ५४ कोटी वर्षांच्या दरम्यानच्या कालखंडात साचले. कवचधारी प्राण्यांचा सुकाळ त्यानंतर झाला. त्या समुद्रात जीवन होते, पण बहुतेक सूक्ष्म. याच चुनखडीवर वाडी, शहाबाद, सेडम पट्ट्यातले सिमेंटचे कारखाने उभे राहिले.

माणसाने हा दगड फरशीच्या कितीतरी आधी ओळखला होता. यादगीर जिल्ह्यातल्या हुणसगी खोऱ्यात इसामपूर येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी उत्खनन केले, तेव्हा आदिमानवाची हत्यारे घडवण्याची जागाच सापडली. सिलिकायुक्त चुनखडीच्या नैसर्गिक फरश्या उचलून तिथे हातकुऱ्हाडी पाडल्या जात होत्या. या जागेचे वय सुमारे १२ लाख वर्षे काढले गेले आहे. भारतातल्या सर्वात जुन्या हत्यारांच्या कारखान्यांत तिची गणना होते.

चुनखडीखाली ग्रॅनाइट आणि नाईस हा पाया आहे. यादगीरचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती याच खडकाची. गुलाबी-करडा, भरड कणांचा हा खडक दक्षिण भारताच्या सर्वात जुन्या भूखंडांपैकी एकाचा, धारवाड भूखंडाचा भाग आहे. तो तयार झाल्यानंतर त्यावर चुनखडी साचेपर्यंत निदान दीडशे कोटी वर्षे गेली. चुनखडीनंतर लाव्हा येईपर्यंत आणखी निदान ४७ कोटी वर्षे. या मधल्या काळाची पाने खोऱ्यात नाहीत. जे साचले असेल ते झिजून गेले. भूशास्त्रात अशा सांध्याला विसंगती म्हणतात. दोन खडक एकमेकांना चिकटून बसलेले असतात, पण त्यांच्यामधल्या त्या एका रेषेत कोट्यवधी वर्षे हरवलेली असतात.

आता प्रस्तरभंगांकडे वळता येते. खडकाला पडलेल्या साध्या भेगेत दोन्ही बाजू जागच्या जागी असतात. भेगेच्या एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूच्या तुलनेत वर, खाली किंवा आडवा सरकला असेल तर तो प्रस्तरभंग. भीमेच्या चुनखडीत असे भंग ओळखणे त्यातल्या त्यात सोपे आहे. एरवी मैलोन्‌मैल आडवे असलेले थर एका ठरावीक रेषेजवळ आले की अचानक कलतात, मुडपतात, उभेसुद्धा होतात. चुनखडी ठेचून तिचे टोकदार तुकडे झालेले असतात आणि ते कॅल्साइटच्या पांढऱ्या शिरांनी पुन्हा जोडलेले दिसतात. घासलेल्या पृष्ठांवर समांतर ओरखडे असतात, त्यांवरून खडक कोणत्या दिशेने सरकला ते कळते. आणि सर्वात पक्का पुरावा म्हणजे वर असायला हवी ती चुनखडी ग्रॅनाइटच्या शेजारी, एकाच पातळीवर उभी असते.

वाडीजवळून जाणारा पूर्व-पश्चिम भंग आणि शहापूर तालुक्यातला गोगी-कुर्लगेरे भंग हे यांतले ठळक. दुसऱ्याने देशभर नाव कमावले ते युरेनियममुळे. भंगाच्या पट्ट्यात ग्रॅनाइट आणि चुनखडी दोन्ही ठेचली गेली. त्या फटींमधून खोलवरचे उष्ण, खनिजयुक्त पाणी फिरले आणि गोगीजवळ ठेचलेल्या चुनखडीत व तिच्याखालच्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियमची खनिजे साचली. भंगापासून दूर, न दुखावलेल्या चुनखडीत असा साठा होत नाही. एकच खडक एके ठिकाणी फरशी देतो आणि दुसऱ्या ठिकाणी अणुइंधन, हा फरक केवळ प्रस्तरभंगाने केला.

काळ्या पाषाणात मात्र भंग शोधणे फार अवघड जाते. सगळे प्रवाह दिसायला सारखे असतात, त्यामुळे एक बाजू दहा-वीस मीटर खाली सरकली तरी काळ्याशेजारी काळेच येते. गेरूचा पट्टा किंवा एखादा वेगळ्या बांधणीचा प्रवाह दोन विहिरींत वेगवेगळ्या पातळीवर लागला तर शंका घ्यायची, एवढेच हाती असते. म्हणून लाव्ह्याखालच्या रचनेचा शोध आडवाटेने घेतला गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापांवरून १९७३ मध्ये असे मांडले की दख्खनच्या लाव्ह्याखाली कोयना आणि कुर्डुवाडी या दोन खचदऱ्या पुरल्या गेल्या आहेत. खाली हलका, गाळाचा खडक असेल तर गुरुत्वाकर्षण किंचित कमी भरते, हा त्यामागचा तर्क होता. पुढे पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रे आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे कुर्डुवाडीच्या वायव्य-आग्नेय पट्ट्यात खडक दाट भेगाळलेला असल्याचे दाखवले. पुरलेल्या खचदरीचे मत आज पूर्वीइतक्या जोराने मांडता येत नाही. कोयनेच्या विंधनछिद्रांत लाव्ह्याखाली गाळाचा खडक लागलाच नाही आणि किल्लारीत लागला तो अवघा ८ मीटर. मात्र लाव्ह्याखालच्या पायात जुन्या कमकुवत रेषा आहेत, हे किल्लारीने सर्वात क्रूर रीतीने सिद्ध केले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीजवळ ६.२ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. औसा आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यांतली गावेच्या गावे कोसळली. मृतांची संख्या ८ ते १० हजारांच्या दरम्यान होती. दुधनीपासून हे ठिकाण सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि धक्का सोलापूर जिल्ह्यातही जोरात जाणवला. भूकंपाचे केंद्र जमिनीखाली काही किलोमीटरवरच, म्हणजे बेसॉल्टच्या खूप खाली पण तरीही उथळ, जुन्या पायाच्या खडकात होते. तिथला एक भाग कलत्या भंगावरून दुसऱ्यावर चढला. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला भिडल्याने त्याच्या पोटात दाब साठत राहतो. तो दाब हिमालयात मोकळा होतो तसा कधी कधी द्वीपकल्पातल्या जुन्या, दुबळ्या रेषांवरही होतो. किल्लारीच्या पश्चिमेला शेतांतून सुमारे किलोमीटरभर लांबीची, तुटक, उंचवट्यांची रेघ उमटली होती. काही ठिकाणी जमीन अर्ध्या मीटरहून अधिक उचलली गेली होती. नंतर तिथे खंदक खणून पाहिले तेव्हा खडक त्याच रेषेवर याआधीही सरकल्याच्या खुणा मिळाल्या.

किल्लारीच्या विंधनछिद्राचे मोल इथे लक्षात येते. ६१७ मीटर खोल गेलेल्या या छिद्राने ३३८ मीटर बेसॉल्ट, ८ मीटर गाळाचा खडक आणि त्याखाली थेट अडीचशे कोटी वर्षांहून जुना पाया दाखवला. शहाबादची चुनखडी तिथे नव्हती. म्हणजे भीमा गटाचा समुद्र किल्लारीपर्यंत पोचला नव्हता, किंवा पोचून त्याचा गाळ लाव्हा येण्याआधी झिजून गेला होता. या समुद्राची किंवा त्याच्या उरलेल्या गाळाची उत्तर कड किल्लारी आणि कलबुर्गी यांच्या मधल्या पट्ट्यात कुठेतरी लाव्ह्याखाली झाकलेली असावी.

नद्यांनी या सगळ्यावर आपली रेघ ओढली आहे. भीमा भीमाशंकरजवळ उगम पावते आणि वायव्येकडून आग्नेयेकडे वाहत जाऊन रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. तिची लांबी सुमारे ८६१ किलोमीटर आहे. जमिनीचा सर्वसाधारण उतार तिकडेच असला तरी लहान-मोठ्या वळणांत खडकातल्या भेगांचा हात दिसतो. सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते, अमरजा गाणगापूरला. बोरी नदी नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालते तिथे तिने बेसॉल्टचे आडवे थर खोल कापले आहेत. आदिलशाहीत तिच्या पात्रावर बांधलेला पाणीमहालाचा बंधारा याच कातळावर भक्कम टेकला आहे. खाली हीच नदी अक्कलकोट तालुक्यातून कुरनूर धरणामार्गे भीमेकडे जाते. भीमेच्या काठचे उंच, पिवळसर गाळाचे कडे मात्र अगदी अलीकडचे, फार तर काही लाख वर्षांतले आहेत. त्यांत गोटे, वाळू, चुनखडीचे खडे आणि जुन्या पुरांच्या मातीचे थर एकावर एक असतात.

दुधनीच्या शेतकऱ्याला यातला सर्वात जवळचा प्रश्न पाण्याचा. घट्ट पाषाणात पाणी साठायला जागाच नसते. ते मुरमात, भेगांत, मांजऱ्याच्या कुजलेल्या भागात आणि दोन प्रवाहांच्या सांध्यावर मिळते. म्हणून एका बांधावरच्या विहिरीला पाणी आणि पलीकडची विंधनविहीर कोरडी, असे वारंवार घडते. जास्त खोल गेले की जास्त पाणी, हा हिशेब या खडकात चालत नाही. घट्ट कातळ ओलांडून पुढचा सांधा मिळाला तरच खोली कामी येते. बोअर घेताना दर दहा-वीस फुटांना निघणारा चुरा वेगवेगळा ठेवून रंग आणि खोली लिहून ठेवली, तर गेरू आणि मांजऱ्या कुठे लागले याचा नकाशा गावालाच तयार करता येतो.

पाण्यानंतरचा प्रश्न भूकंपाचा. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी तो भाग देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये नकाशा बदलला. पहिले क्षेत्र रद्द झाले, धाराशिव व सोलापूर तिसऱ्या क्षेत्रात आले आणि कलबुर्गी दुसऱ्यात राहिले. १९९३ मध्ये बहुतेक बळी घेतले ते जाड दगड-मातीच्या भिंतींनी आणि त्यांवरच्या मातीच्या जड माळवदांनी. या भिंती दोन पदरी होत्या, मधे नुसती खडी भरलेली होती आणि पदर एकमेकांना बांधलेले नव्हते. अशी घरे या खोऱ्यात अजून आहेत. ती दुरुस्त करताना भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवावेत, दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना वेढणारा सलग काँक्रीटचा पट्टा घालावा आणि माळवदावरची माती कमी करावी.